पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका: मोहल्ल्यात नागरी हक्कांचं काम कसं करावं

नागरी हक्कांचं काम सुरू करायचं असेल तर आधी स्टेशनरीच्या दुकानात जा. एक आवक-जावक रजिस्टर, दहा आणि वीस रुपयांची कोर्ट फी तिकिटं, कार्बन पेपर, पंचिंग मशीन आणि जाड पुठ्ठ्याच्या फायली घ्या. लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड आणि बॅनर यातलं काही आणू नका. ते आणलं की माणूस अध्यक्ष होतो आणि काम थांबतं.

मी सोलापुरात वकिली करते. अर्धा दिवस कोर्टात, उरलेला बेगम पेठ, विजापूर वेस, नई जिंदगी इथल्या घरांत. कोर्टात मला मॅडम म्हणतात, वस्तीत आपा. कधी एखादा पत्रकार ‘मुस्लिम नेत्या’ असं लिहितो, तेव्हा घरचे हसतात, कारण मी आयुष्यात एकही निवडणूक लढवलेली नाही. शिकायला येणाऱ्या पोरापोरींना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. त्यातले बरेच जण वकील नसतात, आणि या कामाला वकील असावंच लागतं असंही नाही.

अर्ज

अर्ज मराठीत लिहा. उर्दूत लिहिलेला टेबलावरच्या बाबूला वाचता येत नाही, इंग्रजीत लिहिलेला तो वाचत नाही. एकच पान. काय झालं, कधी, कुठे, कोणासमोर. मग कायद्याचं कलम. आणि शेवटी नेमकी मागणी, कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्यानं काय करायचं ते. ‘घोर अन्याय’, ‘जाहीर निषेध’, ‘तीव्र आंदोलन छेडू’ ही वाक्यं खोडा. नवीन पोरांना हे खोडताना जिवावर येतं. पण अर्ज पुढे न्यायाधीशासमोर जाणार आहे असं धरून लिहायचा असतो, आणि न्यायाधीशाला विशेषणांत रस नसतो.

दोन प्रती. एक त्यांच्याकडे, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख, सही. ‘साहेब आले की बघतो, ठेवून जा’ असं म्हटलं की ठेवून जायचं नाही. टपाल शाखेत जायचं. तिथेही घेतलं नाही तर पोस्टानं पाठवायचं. पूर्वी आम्ही रजिस्टर ए.डी. करायचो, १ सप्टेंबर २०२५ पासून पोस्टानं रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये मिसळून टाकलं आहे. तेव्हा स्पीड पोस्ट करा, पोहोचल्याचा पुरावा मागून घ्या आणि ट्रॅकिंगचं पान त्याच आठवड्यात छापून फायलीत लावा. ‘साहेबांना भेटून सगळं सांगितलं, ते फार चांगले आहेत’ हे वाक्य मी रोज ऐकते. साहेबांची बदली होते. आवक क्रमांकाची होत नाही.

महिनाभर उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार. जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचं तिकीट, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. महाराष्ट्राचे नियम तसे आहेत. त्यात ‘का केलं नाही?’ असं विचारू नका, कारण ‘का’ ही माहिती नव्हे म्हणून अर्ज फेटाळला जातो. ‘आमच्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची, टिपणीसह साक्षांकित प्रत द्यावी’ एवढंच मागा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर वीस रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील. बऱ्याचदा अपिलाची सुनावणी लागायच्या आतच मूळ काम होऊन जातं. आणि हे सगळं त्या शिक्क्याच्या जोरावर. आवक क्रमांक नसेल तर माहिती कशाची मागणार?

दाखला

बाहेरच्यांना वाटतं आमचं काम म्हणजे दंगल, अटक आणि टीव्हीवरची चर्चा. माझ्या रजिस्टरात सर्वांत जास्त नोंदी जातीच्या दाखल्याच्या आहेत.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात मुस्लिम ११.५४ टक्के. त्यांतला मोठा भाग कारागीर आणि व्यवसायी जातींचा: बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, मोमीन, पिंजारी-नदाफ, खाटीक. या जाती इतर मागासवर्गात आहेत. छप्परबंद विमुक्त जातींत आहेत. हे आरक्षण जातीवर मिळतं, धर्मावर नाही. २०१४ मध्ये निघालेल्या, मुस्लिमांना ५ टक्के आरक्षण देणाऱ्या अध्यादेशाशी त्याची गल्लत करू नका. तो अध्यादेश उच्च न्यायालयानं अंतरिम आदेशात शिक्षणापुरता चालू ठेवला, पण पुढे त्याचा कायदा झालाच नाही. तरी दर निवडणुकीत त्याच्यावर भाषणं होतात, आणि भाषण ऐकणाऱ्या बापाला आपल्या मुलीला आधीपासूनच ओबीसीतून प्रवेश मिळू शकतो हे माहीत नसतं. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली तेव्हा कुठे हे घराघरात जायला लागलं, पण अजून पुरतं गेलेलं नाही.

अडचण कुठे येते सांगते. शाळेत नाव घालताना मास्तर जातीच्या रकान्यात ‘मुस्लिम’ लिहून मोकळे होतात. बाप अंगठा उठवतो किंवा सही करतो. बारा वर्षांनी मुलीला अभियांत्रिकीला जायचं असतं, आणि तिच्या दाखल्यावर जातच नसते. म्हणून पहिलं काम: जून महिन्यात शाळेच्या फाटकावर उभं राहा आणि पहिलीत प्रवेश घेणाऱ्या आईबापांना सांगा, रकान्यात ‘मुस्लिम पिंजारी’, ‘मुस्लिम बागवान’ असं पूर्ण लिहून घ्या. मूल शाळेत असेपर्यंत शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीनं नोंद दुरुस्त होऊ शकते. शाळा सुटल्यावर तीच दुरुस्ती फार जड जाते. या एका कामाला ना वर्गणी लागते ना माईक, आणि म्हणून ते करायला कोणी मिळत नाही.

ज्यांची नोंद आधीच ‘मुस्लिम’ अशी झाली आहे त्यांच्यासाठी मागे जावं लागतं. ओबीसीसाठी महत्त्वाची तारीख १३ ऑक्टोबर १९६७. त्याच्या आधीचा, महाराष्ट्रातला, बापाच्या बाजूच्या कोणाचा तरी, जातीची नोंद असलेला कागद शोधायचा. आधी वंशावळ लिहून काढा: मुलगी, बाप, आजोबा, पणजोबा, चुलत आजोबांसह. चुलत आजोबा विसरू नका. अनेकदा थेट आजोबा शाळेत गेलेले नसतात, पण त्यांचे धाकटे भाऊ नगरपालिकेच्या उर्दू शाळेत दोन वर्षं बसलेले असतात. त्या शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा मागा. उर्दूत असेल तर त्याचं प्रमाणित भाषांतर करून घ्या. तिथे नाही मिळालं तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, गाव नमुना नंबर १४. बरंच जुनं असेल तर मोडीत असतं आणि मोडी वाचक शोधावा लागतो. तो मिळाला की त्याला चहा पाजा आणि त्याचा नंबर जपून ठेवा, कारण पुढच्या दहा कुटुंबांना तो लागणार आहे. खरेदीखतं बघा. जुन्या दस्तात माणसाच्या नावापुढे धंदा लिहायची पद्धत होती.

एका नदाफ कुटुंबाचं उदाहरण देते. आडनाव नदाफ म्हणजे जात आपोआप सिद्ध झाली असं त्यांना वाटत होतं. आडनाव हा पुरावा होत नाही. शाळेनं सांगितलं, जुनी रजिस्टरं वाळवीनं खाल्ली. मी म्हटलं, हेच लिहून द्या. ‘सन अमुक ते अमुकची रजिस्टरं उपलब्ध नाहीत’ असं मुख्याध्यापकांच्या सहीनं मिळालं की तोही एक कागद झाला; आपण शोध घेतला होता हे त्यावरून दिसतं. शेवटी अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावात चुलत पणजोबांच्या मृत्यूची नोंद सापडली, जातीच्या रकान्यात ‘पिंजारी’. त्या ओळीचा उतारा हातात आल्यावर त्या घरातली आजी मला म्हणाली, म्हणजे ते मेले ते आमच्या कामाला आले की.

प्रांताकडून दाखला मिळाला की अर्धं काम झालं. जात पडताळणी समितीचं दक्षता पथक घरी येऊ शकतं, शेजाऱ्यांना विचारतं, नात्यांची माहिती घेतं. घरच्यांना पढवू नका. फक्त एवढं सांगा की जे खरं आहे ते सगळ्यांनी सारखं सांगा, आणि वंशावळीची प्रत भिंतीला लावून ठेवा.

याच फायलीत नावांचा एक तक्ता असू द्या. शाळेत ‘रजिया’, आधारला ‘रझिया’, मतदार यादीत ‘राजिया’, आणि बापाचं नाव एकीकडे महंमद, दुसरीकडे मोहम्मद, तिसरीकडे नुसतं ‘म.’. आमच्या नावांचं देवनागरीत काय काय होतं याची गंमत वाटते, पण यादीतून नाव कमी करायला तेवढं पुरतं. म्हणून मतदार यादीची प्रारूप प्रत आली की वस्तीचा भाग घेऊन घरोघर वाचायची. दुरुस्तीला नमुना ८. कोणी नमुना ७ भरून तुमच्या नावावर हरकत घेतली असेल तर तुम्हाला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय नाव वगळता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५०, कलम २२. आणि खोटी हरकत घेणं हा कलम ३१ खाली गुन्हा आहे. हरकतदारांची नावं मागून घ्या. एकाच माणसानं गठ्ठ्यानं हरकती घेतल्या असतील तर ते कागदावर लगेच दिसतं.

रात्रीचा फोन

‘आपा, पोराला उचललं.’ हा फोन बहुतेक वेळा रात्री अकरानंतर येतो. फोनवर रडणाऱ्या आईला तीन गोष्टी विचारा: पोराचं वय काय, किती वाजता नेलं, कोणत्या ठाण्याची गाडी होती. वेळ लगेच लिहून ठेवा. चोवीस तास त्या मिनिटापासून मोजायचे, ठाण्याच्या डायरीत अटक दाखवतील तेव्हापासून नाही. संविधानाचं कलम २२ आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५८, दोन्ही हेच सांगतात: प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर.

वय सतरा असेल तर गोष्ट वेगळी होते. आईला सांगा, शाळेचा दाखला काढून ठेव, मूळ प्रत हातातून सोडू नको, फोटो मला पाठव. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ९४ मध्ये वयासाठी आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला बघतात, तो नसेल तर पालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. दगडफेकीच्या गुन्ह्यात पोरांची वयं ‘अंदाजे १९’ अशी लिहिली जातात. अंदाज कागदानं मोडतो.

ठाण्यात दोघांनी जायचं, वीस जणांनी नाही. फाटकावर गर्दी झाली की त्या गर्दीवर नवा गुन्हा होतो आणि तुमचं काम दुप्पट होतं. हे वस्तीतल्या दादांना पटवणं सर्वांत अवघड. आत गेल्यावर ठाणे अंमलदाराकडे शांतपणे लेखी अर्ज द्यायचा: अमुक व्यक्ती आपल्या ताब्यात आहे का, कोणत्या गुन्ह्यात, अटकेची कारणं लेखी दिली का, नातेवाइकाला कळवलं का, वकिलाला भेटू द्यावं. चौकशीदरम्यान वकिलाला भेटायचा हक्क संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही, हेही खरं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर आधी हजर राहण्याची नोटीस का दिली नाही हे विचारा. सर्वोच्च न्यायालयाचा अर्नेश कुमार निकाल, २०१४. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: कारणं लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची, आणि लगेच जमलं नाही तर निदान रिमांडसाठी उभं करण्याच्या दोन तास आधी. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातला हा निकाल आहे. उत्तर प्रदेशातून यंत्रमागावर कामाला आलेल्या पोराच्या हातात मराठी कागद देऊन सही घेतली असेल तर हा मुद्दा पहिल्या रिमांडलाच काढा, नंतर नाही.

बाई असेल तर सूर्यास्तानंतर अटक नाही, अपवाद असेल तर दंडाधिकाऱ्याच्या परवानगीनं आणि महिला अधिकाऱ्याच्या हातून. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००. कोठडीतल्या माणसाला आणि कोणत्याही बाईला मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ही एक ओळ मशिदीच्या आणि समाजमंदिराच्या फळ्यावर लिहून ठेवायला कोणाचीच हरकत नसते. लिहा.

उलट बाजू, म्हणजे आपली तक्रार घेत नाहीत ती. ‘तक्रारी अर्ज घेतलाय, चौकशी करतो’ आणि ‘एनसी (अदखलपात्र नोंद) करून देतो’ ही दोन वाक्यं ऐकली की सावध व्हा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर नोंदवावाच लागतो हे ललिता कुमारी निकालात २०१३ मध्ये पाच न्यायमूर्तींनी सांगितलं. नव्या संहितेनं तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी घातली आहे, तिची पळवाट होते. म्हणून चौदावा दिवस डायरीत लिहून ठेवा. हद्द कोणाचीही असो, शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो. प्रत फुकट मिळते. नाहीच घेतला तर शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात अधीक्षकांकडे लेखी. आणि मग प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्याकडे. पायऱ्या गाळल्या तर दंडाधिकारी पहिला प्रश्न तोच विचारतात, आयुक्तांकडे गेला होता का, पोच दाखवा.

भाषण करून गेलेला माणूस

सभा होते, वक्ता बाहेरगावचा असतो, बहिष्काराची हाक देतो, गाडीत बसून निघून जातो. रात्री त्याच्या क्लिपा फिरतात. पहिला नियम: तुम्ही ती क्लिप फिरवू नका. त्याचा प्रचार आपणच करतो आणि वर आपल्याच पोराच्या स्टेटसवर गुन्हा दाखल होतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता राग येत नाही, कंटाळा येतो.

मूळ व्हिडिओ शोधा, शक्यतो संपूर्ण सभेचा. तो कुठून, कधी, कोणत्या फोनवर उतरवला ते लिहा. भाषणाचं शब्दशः टंकन करा, मिनिट-सेकंदासह. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, भरायचा असतो. संगणक शिकलेला एक पोरगा यासाठी हाताशी ठेवा. मग भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, २९९, ३५३ यांतलं जे लागू होतं तेवढंच. सगळी कलमं ओतू नका. २८ एप्रिल २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं सर्व राज्यांना सांगितलं होतं की द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न बघता, बोलणाऱ्याचा धर्म न बघता गुन्हा नोंदवा. त्याची प्रत जोडा. पुढे खटला उभा राहायला १९६ आणि २९९ ला सरकारची मंजुरी लागते, आणि तिथे फायली वर्षानुवर्षं पडून असतात. हे पहिल्या दिवशीच तक्रारदाराला सांगा, नाहीतर तो तीन महिन्यांनी तुम्हालाच विकला गेलेला समजतो.

आणि आपल्या धार्मिक जलशात एखादा मौलाना दुसऱ्यांच्या देवांबद्दल वेडंवाकडं बोलला तर? तोच अर्ज, तीच कलमं, तेच ठाणे. हे मी केलं आहे. काही घरांतून मला सहा महिने बोलावणं आलं नाही. नंतर त्याच घरांतून दाखल्यासाठी आलं.

नोटीस

घर पाडण्याची नोटीस आली की लोक नगरसेवकाकडे पळतात. आधी नोटिशीचा फोटो काढा, ती दारावर चिकटवलेली असेल तर दारासकट. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्यायमूर्ती भूषण गवई (आपल्या अमरावतीचे) आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांनी पायऱ्या घालून दिल्या: किमान पंधरा दिवसांची किंवा स्थानिक कायद्यातली, जी उशिरा संपेल ती मुदत, टपालानं आणि घरावर चिकटवून नोटीस, जिल्हाधिकाऱ्यांना ईमेल, सुनावणी, कारणांसह आदेश, त्यानंतर पुन्हा पंधरा दिवस. मोडलं तर अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई. पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेची किंवा पाण्याची जागा यांना हे संरक्षण नाही. घर नाल्यावर असेल तर त्या कुटुंबाला खोटी आशा दाखवू नका. त्यांच्यासाठी पुनर्वसनाचा अर्ज वेगळा असतो.

आमच्या नई जिंदगीसारख्या भागात खरा प्रश्न गुंठेवारीचा. जागा विकत घेतलेली, कर भरलेला, वीज मीटर नावावर, पण बांधकाम परवाना नाही. ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी बांधकामं नियमित करता येतात. लोक फी जास्त म्हणून टाळतात, आणि नोटीस आली की वकिलाला त्याहून जास्त देतात. वस्तीत पन्नास घरांची यादी करून एकदम अर्ज टाका. हे काम नोटीस यायच्या आधीचं आहे.

घरातल्या बाईचा अर्ज

तुमच्याकडे एक दिवस एक बाई येईल, हातात व्हॉट्सॲपवर आलेला तलाक. तिच्या मागोमाग जमातीतले दोन बुजुर्ग येतील: बेटा, घरातली गोष्ट आहे, सध्या वातावरण खराब आहे, कोर्टात नेऊ नको. वातावरण कधी चांगलं होतं ते विचारा. १८ एप्रिल १९६६ ला समाजसुधारक हमीद दलवाईंनी तोंडी तलाकाविरुद्ध सात बायकांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तेव्हाही त्यांना हेच ऐकावं लागलं होतं.

तिला काय मिळू शकतं ते सरळ सांगा. एका दमातला तलाक २२ ऑगस्ट २०१७ पासून बाद आहे, म्हणजे लग्न मोडलेलंच नाही. २०१९ च्या कायद्यात नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण बहुतेक बायकांना त्याला तुरुंगात घालण्यापेक्षा घरभाडं आणि मुलांची फी हवी असते, हे लक्षात ठेवून तिलाच विचारा. पोटगीसाठी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. १० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की पोटगीची ही वाट, जुन्या फौजदारी संहितेतलं कलम १२५, मुस्लिम बाईलाही खुली आहे. राहतं घर वाचवायचं असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा. निर्णय तिचा. तिचा खटला घेऊन टीव्हीवर बसायला बोलावतील. तिची लेखी संमती नसेल तर जाऊ नका, आणि असली तरी आधी तिच्या आईशी बोला.

कमिटी, कॅमेरा, धरणं

गणपती, मोहरम, ईद आली की ठाण्यातून शांतता कमिटीचं बोलावणं येतं. जा, पण शोभेला जाऊ नका. शाल-नारळ आणि भाईचाऱ्याच्या शेरांच्या आधी लेखी मुद्दे द्या: मिरवणुकीचा मार्ग, वेळ, कोणत्या कोपऱ्यावर दिवा बंद आहे, कोणत्या गल्लीत मागच्या वर्षी धक्काबुक्की झाली. बैठकीचं इतिवृत्त मागा. पुढे काही झालंच तर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असं म्हणायला जागा राहत नाही.

धरणं करायचं असेल तर आधी मुंबई पोलीस कायद्याच्या, आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात त्याच्या, कलम ३७ खाली जमावबंदी आहे का बघा, परवानगीच्या अर्जाची पोच घ्या. जुन्या लोकांना माहीत असलेली, गुन्हा होऊ नये म्हणून पोलीस देतात ती ‘१४९ ची नोटीस’ आता १६८ ची झाली आहे. आली तर घाबरू नका, सही करून घ्या, प्रत फायलीला लावा. पूनम गेटला, म्हणजे सोलापुरातल्या धरण्याच्या जागी, बसायचं तर पाणी, सावली आणि बायकांसाठी जवळचं स्वच्छतागृह आधी ठरवा. बायका आल्या नाहीत अशी तक्रार करणाऱ्या पुरुषांना हे सुचत नाही.

कॅमेऱ्यासमोर तीस सेकंद: काय झालं, कायदा काय म्हणतो, आम्ही काय मागितलं. शेजारच्या देशाबद्दल, कुठल्याशा राजाबद्दल, कोणत्या पक्षाला मत देणार याबद्दल विचारतील. ‘आजचा विषय हा अर्ज आहे’ म्हणून अर्ज वर धरा. काही जण अशा वेळी आमच्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांतल्या कुर्बान हुसेनांचं नाव काढतात; १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ ला ते येरवड्यात फासावर गेले. त्यांच्या पुतळ्यासमोर मान झुकवा. पण त्यांना आपल्या देशप्रेमाचा दाखला म्हणून पुढे करू नका. हा एक दाखला मागायचा कोणालाच अधिकार नाही, आणि न मागता द्यायचा तर मुळीच नाही.

पैसा आणि जीव

वर्गणी रोख घेऊ नका. घ्यावी लागली तर पावती. वर्षाचा हिशेब वस्तीच्या फळ्यावर. पक्षाकडून पैसे घेतले की पुढच्या अर्जात कोणाचं नाव लिहायचं नाही हे ते ठरवतात.

११ फेब्रुवारी २०१० ला मुंबईत कुर्ल्याच्या ऑफिसात ॲडव्होकेट शाहिद आझमींना गोळ्या घातल्या. ते २६/११ च्या खटल्यात फहीम अन्सारीचे वकील होते. फहीम त्याच वर्षी मे महिन्यात निर्दोष सुटला, आणि हा निकाल पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. आझमींचं काम दुसऱ्या वकिलांना पुढे नेता आलं. यातून मी जे घेतलं ते फार साधं आहे: कोणतीही फाइल एकट्याच्या डोक्यात ठेवू नका. प्रत्येक फायलीच्या पहिल्या पानावर पुढची तारीख, पुढचं काम आणि दुसऱ्या जबाबदार माणसाचं नाव. स्कॅन दोन ठिकाणी. अनोळखी माणूस रात्री ‘कागद दाखवायचेत’ म्हणून आला तर सकाळी कोर्टाच्या आवारात बोलवा. धमकी आली तर फोन कापू नका, नंबर आणि वेळ लिहा, दुसऱ्या दिवशी अर्ज द्या. या अर्जाचीही पोच घ्या, लाजू नका.

प्रकरण संपलं, जिंकलं किंवा हरलं, की मूळ कागद कुटुंबाला परत करा आणि मिळाल्याची सही घ्या. शाळेचे दाखले, निकाहनामे, घराच्या पावत्या आपल्याकडे पडून राहिल्या तर पुढच्या वेळी ते कुटुंब दारोदार फिरतं. दर शनिवारी मी रजिस्टर उघडून संपलेल्या फायली वेगळ्या काढते. तुम्हीही एक वार ठरवा, आणि त्या दिवशी नवीन प्रकरण घेऊ नका.